विश्लेषण : बुलेट ट्रेनच्या देशात संथ ‘आगगाडी’ का टिकून आहे?

इंडोनेशियात रेल्वेला ‘करेता आपी’ म्हणतात. ‘करेता’ म्हणजे गाडी आणि ‘आपी’ म्हणजे आग. थोडक्यात, आपली ‘आगगाडी’च. आग्नेय आशियातील पहिली अतिवेगवान रेल्वे याच देशात २०२३ मध्ये सुरू झाली. तरीही भातखाचरे, चहाचे मळे, ज्वालामुखींचे उतार आणि शंभर-सव्वाशे वर्षांचे पूल पाहायचे, तर आजही जुन्याच मार्गावरून आणि जुन्याच गतीने जावे लागते. हे मार्ग मुळात कोणासाठी बांधले गेले, त्यांपैकी कोणते आज प्रवाशांसाठी खुले आहेत आणि त्यांचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, याचा हा आढावा.

डोंगरदऱ्यांतून रेल्वे नेली कशासाठी?

पर्यटनासाठी नक्कीच नाही. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली. त्यानंतर १४ वर्षांनी, १० ऑगस्ट १८६७ रोजी जावा बेटावरील सेमारांग ते तांगुंग हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. त्या काळी हा प्रदेश डच ईस्ट इंडीज म्हणून ओळखला जाई. अंतर्गत भागातील साखर, कॉफी, तंबाखू आणि नीळ बंदरापर्यंत पोहोचवणे ही डचांची मुख्य गरज होती. दुसरी गरज लष्करी होती. १८२५ ते १८३० या काळातील जावा युद्धाने डचांना जेरीस आणले होते आणि त्यानंतर बांधलेल्या किल्ल्यांपर्यंत सैन्य वेगाने हलवता यावे, असे त्यांना वाटत होते.

पहिला मार्ग खासगी कंपनीने बांधला. १८७५ पासून सरकारने स्वतः रेल्वे बांधायला घेतली आणि १८९४ पर्यंत आजचे जकार्ता आणि सुराबाया ही बेटाच्या दोन टोकांची शहरे रुळांनी जोडली गेली. जावाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, पण बेटाचा कणा ज्वालामुखींचा. त्यामुळे उत्तरेचा किनारा सोडून दक्षिणेकडे वळले की रेल्वेला घाट चढण्यावाचून पर्याय नव्हता. मळे डोंगरात होते, म्हणून रूळही डोंगरात गेले. आज प्रवासी ज्या दृश्यांसाठी खिडकीजवळची जागा मागतात, ती दृश्ये त्या मालवाहतुकीच्या हिशेबातून आलेली आहेत.

१०६७ मिलिमीटरचे महत्त्व काय?

दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतातील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. इंडोनेशियातील बहुतेक सर्व मार्ग १०६७ मिलिमीटरचे आहेत. अरुंद रूळमार्गाला कमी रुंदीचा भराव पुरतो, बोगदे लहान चालतात आणि तीव्र वळणे घेता येतात. डोंगर फोडण्याऐवजी डोंगराला वळसा घालत जाणे स्वस्त पडते. ज्या काळात खोदकाम मुख्यतः हातांनी होत असे, त्या काळात हा फरक निर्णायक होता.

सेमारांगचा पहिला मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा होता. त्यामुळे जावाच्या मध्यभागी दोन वेगवेगळी गेज समोरासमोर आली आणि गाडी बदलण्याची कटकट मागे लागली. दुसऱ्या महायुद्धात जावा ताब्यात घेतल्यावर जपानी लष्कराने रुंद रूळ अरुंद करून टाकले आणि हा प्रश्न मिटला. वळणावळणाच्या या अरुंद मार्गांवर गाडीचा वेग फार वाढवता येत नाही. प्रवासी ज्याला निवांतपणा म्हणतात, ती अभियांत्रिकीच्या भाषेत मार्गाच्या भूमितीने घातलेली मर्यादा आहे.

जकार्ता-बांडुंग दरम्यान दोन रेल्वे का?

जुना आणि नवा इंडोनेशिया एकाच ठिकाणी पाहायचा असेल, तर तो या टप्प्यात दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्या सहकार्याने ‘वूश’ ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. मार्ग १४२ किलोमीटरचा, कमाल वेग ताशी ३५० किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ पाऊण तासाच्या आसपास. प्रकल्पाचा खर्च सुमारे ७.३ अब्ज डॉलर झाला. त्यातील बहुतांश रक्कम चिनी विकास बँकेच्या कर्जाची असल्याने परतफेडीचा वाद अजून शमलेला नाही.

जुन्या मार्गाने याच प्रवासाला सुमारे तीन तास लागतात. पुर्वाकार्ता सोडल्यावर गाडी डोंगर चढू लागते. १९०६ मध्ये खुल्या झालेल्या या टप्प्यात ९४९ मीटर लांबीचा सासाकसाअत बोगदा आहे. पाडालारांगच्या अलीकडे चिकुबांगचा पूल लागतो. हा पूल सुमारे ३०० मीटर लांब आणि दरीच्या तळापासून ८० मीटर उंच आहे. लोखंडी मनोऱ्यांवर उभा असलेला हा पूल ओलांडताना गाडी हळू होते आणि खिडकीतून खाली पाहिले, तर भातशेतीच्या पायऱ्यांपलीकडे काहीच दिसत नाही. जुना मार्ग, २००५ मध्ये झालेला द्रुतगती महामार्ग आणि नवी रेल्वे असे तीन काळ याच डोंगराळ पट्ट्यातून जातात.

महामार्गाने रेल्वेचे प्रवासी पळवले, तेव्हा २०१० मध्ये या मार्गावरची लोकप्रिय ‘पाराह्यांगान’ गाडी बंद करून ती दुसऱ्या गाडीत विलीन करावी लागली होती. म्हणजे जुन्या रेल्वेवरचे संकट ‘वूश’ने आणलेले नाही; ते आधीपासूनच होते. शिवाय ‘वूश’ बांडुंगच्या मध्यवर्ती स्थानकात जात नाही. पाडालारांगला उतरून पुढचा पल्ला जुन्याच रुळांवरच्या जोडगाडीने गाठावा लागतो. नवी रेल्वे जुन्या रेल्वेवर अशी अवलंबून आहे.

बांडुंगच्या पुढे काय दिसते?

खरा डोंगरी प्रवास बांडुंगच्या पूर्वेला सुरू होतो. ‘प्रियांगान’ या नावाने ओळखला जाणारा हा सुंदा भाषकांचा प्रदेश आहे. येथील नाग्रेग हे देशातील प्रवासी वाहतूक सुरू असलेले सर्वांत उंच स्थानक, समुद्रसपाटीपासून ८४८ मीटरवर, म्हणजे लोणावळ्याहूनही उंच. तिथून गाडी मोठमोठी वळणे घेत उतरते. पुढच्या डब्यातल्या प्रवाशाला आपल्याच गाडीचे मागचे डबे दरीपलीकडे दिसतात.

तासिकमलाया ओलांडल्यावर चितांडुई नदीवर चिराहोंगचा पूल येतो. १८९३ मध्ये बांधलेला हा पूल २०२ मीटर लांब आणि ६६ मीटर उंच आहे. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो दुमजली आहे. वरून रेल्वे जाते आणि लोखंडी सांगाड्याच्या पोटातून दुचाकी. दोन्ही काठांवरच्या गावांसाठी हा पूल पर्यटनस्थळ नसून रोजचा रस्ता आहे.

या मार्गांवरील गाड्यांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. ‘तुरांगा’ म्हणजे तुरंग, अर्थात घोडा. ‘ताक्साका’ म्हणजे महाभारतातला तक्षक. ‘बिमा’ म्हणजे भीम. जावाच्या भाषेवर आणि कठपुतळीच्या खेळांवर संस्कृत कथांचा जो ठसा आहे, तो रेल्वेच्या वेळापत्रकातही उतरला आहे.

पन्नास रुपयांच्या आतला प्रवास कोणता?

पर्यटकांच्या यादीत सहसा नसलेला, पण ग्रामीण जावा सर्वांत जवळून दाखवणारा मार्ग म्हणजे सुकाबुमी ते चिपातात. येथे ‘सिलिवांगी’ नावाची छोटी गाडी धावते. तिकीट काही हजार रुपियांचे आहे. एका भारतीय रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया मिळतात, हे लक्षात घेतले तर हा प्रवास पन्नास रुपयांच्या आत होतो. हे दर सरकारी अनुदानामुळे शक्य होतात. भाजीच्या पिशव्या, शाळकरी मुले, मशिदीतील कार्यक्रमाला निघालेल्या बायका असा या गाडीचा रोजचा प्रवासी आहे.

जकार्ता ते बांडुंग हा पहिला रेल्वेमार्ग १८८४ मध्ये याच बाजूने, बोगोर-सुकाबुमी-चियांजुर असा झाला होता. १८७९ ते १८८२ या काळात खोदलेला लांपेगान हा देशातील पहिला रेल्वे बोगदा याच मार्गावर आहे. बोगद्याशेजारच्या स्थानकात उतरून गुनुंग पाडांग या महापाषाणकालीन टेकडीकडे जाता येते. २००१ मध्ये या बोगद्यात दरड कोसळली आणि वाहतूक ठप्प झाली. दुरुस्ती होऊन गाडी नियमित धावायला २०१४ साल उजाडले. मधल्या काळात मोटरसायकल आणि लहान प्रवासी व्हॅन एवढाच आधार गावकऱ्यांना उरला होता. दरड हटवण्याला इतकी वर्षे लागतात, तेव्हा तो मार्ग सरकारच्या प्राधान्यक्रमात कुठे आहे हे कळते.

रेल्वेने बालीला जाता येते का?

बालीत रेल्वे नाही. पण बालीच्या दारापर्यंत रेल्वे आहे. अलीकडच्या वर्षांत बालीला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियनांच्या पाठोपाठ भारतीयांचा क्रमांक लागतो. त्यांतील बहुतेक जण विमानाने थेट देनपासारला उतरतात. जमिनीवरून जायचे असेल, तर योग्यकर्ताहून ‘श्री तांजुंग’ ही स्वस्त गाडी पकडून बारा-तेरा तासांत जावाचे पूर्व टोक गाठता येते. वाटेत प्रोबोलिंगो स्थानक लागते. ब्रोमो ज्वालामुखीकडे जाणारे तिथे उतरतात.

जेंबर सोडल्यावर हा मार्ग गुमितिरच्या डोंगरात शिरतो. कॉफी, कोको आणि रबराचे मळे दोन्ही बाजूंना लागतात. ६९० मीटर लांबीचा म्रावान बोगदा पार केल्यावर गाडी कालिबारूकडे उतरते. केतापांग या शेवटच्या स्थानकापासून बंदर चालत जाण्याइतके जवळ आहे. तिथून फेरीबोटीने तासाभरात बालीतील गिलिमानुक येते. घड्याळ मात्र एक तास पुढे करावे लागते, कारण जावा आणि बाली वेगवेगळ्या कालपट्ट्यांत आहेत.

दातेरी रुळांची रेल्वे कुठे आहे?

मध्य जावातील अंबारावा येथे. साधी रेल्वे लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातील घर्षणावर चढते. चढ फार वाढला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. आपल्या बोरघाटात एक हजार मीटरला सुमारे २७ मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठीही कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. अंबारावाच्या पुढे बेदोनोकडे जाताना हाच चढ हजार मीटरला ६५ मीटरपर्यंत जातो. म्हणून दोन रुळांच्या मधोमध तिसरा, दातेरी रूळ बसवला आहे. इंजिनाखालचे दातेरी चक्र त्यात अडकते आणि गाडी एकेक दात पकडत वर सरकते. चढताना इंजिन गाडीच्या मागे म्हणजे उताराच्या बाजूला असते, जेणेकरून डबे सुटून खाली घसरू नयेत.

जर्मनीतील एसलिंगेन येथे १९०२ मध्ये तयार झालेली वाफेची इंजिने येथे जपून ठेवली आहेत. हे स्थानक १९७६ पासून रेल्वे संग्रहालय आहे. वाफेच्या इंजिनाची दातेरी मार्गावरील फेरी बहुतेकदा खास आरक्षणावरच होते. एरवी रावा पेनिंग सरोवराच्या काठाने तुंतांगपर्यंत जाणारी पर्यटक गाडी मिळते.

या रुळांखाली कोणाचे श्रम आहेत?

हा भाग पर्यटन पुस्तिकांत क्वचित येतो. पश्चिम सुमात्रातील सावाहलुंतो येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डचांनी ओम्बिलिन कोळसा खाण सुरू केली. तो कोळसा पाडांगच्या बंदरात नेण्यासाठी आनाई खोऱ्यातून सुमारे १५५ किलोमीटरचा डोंगरी रेल्वेमार्ग बांधला. खाणीत राबवलेल्या कैद्यांच्या पायांत साखळ्या असत. म्हणून त्यांना ‘ओरांग रांताई’, म्हणजे साखळदंडातली माणसे म्हणत. २०१९ मध्ये युनेस्कोने ही खाण, खाणकामगारांचे शहर, बंदरातील कोळसा कोठारे आणि रेल्वे यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथील वाफेच्या इंजिनाला लोक ‘माक इताम’, म्हणजे ‘काळा मामा’ म्हणतात.

याच मार्गाला जोडणारी पेकानबारू ते मुआरो ही २२० किलोमीटरची रेल्वे जपानी लष्कराने युद्धकैदी आणि सक्तीने आणलेल्या जावानीज मजुरांकडून बांधून घेतली. उपासमार, हिवताप आणि मारहाणीत हजारो मजूर मेले. हा मार्ग पूर्ण झाला तो दिवस होता १५ ऑगस्ट १९४५, ज्या दिवशी जपानने शरणागती जाहीर केली. त्याचा प्रत्यक्ष उपयोग जवळजवळ झालाच नाही. पुढे सप्टेंबर १९४५ मध्ये इंडोनेशियन रेल्वे कामगारांनी बांडुंगमधील रेल्वे मुख्यालय जपान्यांकडून ताब्यात घेतले. २८ सप्टेंबर हा दिवस तेथे रेल्वे दिन म्हणून पाळला जातो.

टपावरचा प्रवास का थांबला?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी इंडोनेशियातील रेल्वेचे साहस वेगळ्याच प्रकारचे होते. डब्यांच्या टपांवर माणसे बसत. दारांत कोंबड्यांच्या पाट्या असत आणि प्रत्येक स्थानकावर फेरीवाल्यांचा लोंढा आत शिरे. टपावरून लोकांना हटवण्यासाठी रेल्वेने रंगाचे फवारे मारून पाहिले. २०१२ मध्ये तर जकार्ताजवळ रुळांवर काँक्रीटचे गोळे टांगण्यात आले.

प्रत्यक्षात बदल घडला तो व्यवस्थेतून. माजी बँकर इग्नासियस जोनान २००९ ते २०१४ या काळात रेल्वे कंपनीचे प्रमुख होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत आसनसंख्येइतकीच तिकिटे, तिकिटावर नाव आणि ओळखपत्राची पडताळणी, सर्व डब्यांत वातानुकूलन आणि धूम्रपानबंदी हे नियम त्या काळात लागू झाले. स्वच्छता आणि वक्तशीरपणासाठी आज परदेशी प्रवासी जिचे कौतुक करतात ती रेल्वे यातूनच घडली.

या शिस्तीची किंमतही कोणीतरी मोजली. फलाटांवरचे ठेले हटवले गेले, त्याविरोधात विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. गुमितिर डोंगरातील गाराहान स्थानक केळीच्या पानात मिळणाऱ्या ‘पचेल’साठी, म्हणजे शेंगदाण्याची तिखट चटणी घातलेल्या भात-भाजीसाठी प्रसिद्ध होते. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबलेल्या गाडीत बायका ते विकत. आता तो पदार्थ खायचा, तर स्थानकाबाहेर यावे लागते. गाडी स्वच्छ झाली, पण गावाचे गाडीशी असलेले एक नाते तुटले.

एकेरी मार्ग किती सुरक्षित?

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील मुख्य मार्गाचे दुहेरीकरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. दक्षिणेकडील डोंगराळ मार्गांचे बरेच टप्पे मात्र अजून एकेरी आहेत. एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या धावत असल्याने सिग्नल यंत्रणेत चुकीला जागा नसते. ५ जानेवारी २०२४ रोजी बांडुंगच्या पूर्वेला चिचालेंका येथे ‘तुरांगा’ आणि एका लोकल गाडीची समोरासमोर धडक झाली. चार रेल्वे कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. जवळच्या टप्प्यात दुहेरीकरणाचे काम सुरू असतानाच ही घटना घडली. नवी विद्युत आणि जुनी यांत्रिक सिग्नल यंत्रणा एकमेकींना जोडताना किती काळजी घ्यावी लागते, हा मुद्दा त्यानंतर ऐरणीवर आला.

बंद पडलेले मार्ग पुन्हा सुरू होतील?

काही झाले आहेत. बस आणि मोटरसायकलींच्या स्पर्धेत १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक शाखामार्ग बंद पडले. त्यातील चिबातू ते गारुत हा सुमारे १९ किलोमीटरचा मार्ग १९८३ मध्ये बंद झाला होता. तो मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पण चार दशकांत रुळांवर घरे आणि दुकाने उभी राहिली होती. जमीन रेल्वेची असली, तरी तिथे वाढलेली कुटुंबे हलवावी लागली. बांजार ते चिजुलांग हा किनाऱ्याकडे जाणारा निसर्गरम्य मार्ग अजून बंद आहे. त्यावरील १,११६ मीटर लांबीच्या विल्हेल्मिना बोगद्यात आज हौशी पदभ्रमणकार विजेरी घेऊन फिरतात.

नवे मार्गही होत आहेत. सुलावेसी बेटावर मकास्सर-पारेपारे मार्गाचा पहिला टप्पा २०२३ मध्ये औपचारिकरीत्या खुला झाला. मारोसजवळचे चुनखडीचे सुळके तिथून दिसतात. या मार्गाचे गेज १४३५ मिलिमीटर आहे, कारण आता मळ्यांचा नव्हे, वेगाचा हिशेब आहे.

प्रवास करायचा झाल्यास काय लक्षात ठेवावे?

लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे रेल्वेच्या अधिकृत अ‍ॅपवर साधारण दीड महिना आधी मिळू लागतात. पारपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव एकच असावे. रमजान ईदच्या आसपास संपूर्ण देश गावी निघतो. त्या दिवसांत आयत्या वेळी तिकीट मिळण्याची आशा धरू नये. सर्वांत स्वस्त डब्यांत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी समोरासमोर, ताठ पाठीची आसने असतात. अशा एका डब्यात १०६ प्रवासी मावतात. समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो, पण गप्पाही तिथेच होतात. डोंगरी टप्पे दिवसा पार होतील अशी गाडी निवडावी. रात्रीची गाडी हॉटेलचे पैसे वाचवते, पण चिराहोंगचा पूल अंधारात निघून जातो.

पुढे काय?

‘वूश’ सुराबायापर्यंत नेण्याचा विचार वारंवार पुढे येतो. त्याच वेळी मोठ्या काचांचे ‘पॅनोरमिक’ डबे लावून रेल्वे कंपनी दक्षिणेच्या मार्गावरील निसर्ग महाग तिकिटात विकू लागली आहे. त्यात गैर काही नाही. त्या उत्पन्नाने जुने पूल सांभाळता येतील. मात्र पर्यटक वर्षातून एकदा येतो. सुकाबुमीची भाजीवाली आणि जेंबरचा विद्यार्थी रोज येतात. स्वस्त तिकिटाचे अनुदान, दरडींची वेळेत दुरुस्ती आणि सुरक्षित सिग्नल या तीन गोष्टी मिळत राहिल्या, तर ही माणसे गाडीत राहतील. ती राहिली, तरच पर्यटकाला खिडकीतून पाहण्यासाठी गाडी उरेल.